तीन किलो आठशे ग्रॅमची वाटणी

माझ्या दोन्ही भावांना सायकल दुरुस्त करता येत नाही. मात्र ती कशी दुरुस्त करावी, याबद्दल दोघांची ठाम आणि वेगवेगळी मतं आहेत.

थोरला मुख्याध्यापक. निवृत्तीला सोळा महिने उरलेत, असं तो शाळेत रोज कुणाला ना कुणाला सांगतो, आणि ऐकणारे ते मनापासून मोजतात. धाकट्याचं औषधांचं दुकान. मी मधली. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. "श्वास रोखा, हलू नका, आता सोडा" एवढं बोलण्यात माझा दिवस जातो, आणि बावीस वर्षं झाली, मी दवाखान्यात सायकलनेच जाते. त्या सायकलीला घरात "ताईचं खटारं" म्हणतात. भावांच्या सायकली वेगळ्या. त्या फक्त रविवारी बाहेर निघतात आणि सोमवारी त्यांचे फोटो निघतात.

तर यंदा तिघांनी मिळून सहा दिवसांच्या सायकलसफरीला जायचं ठरलं. दोन दिवसांत दीपगृह गाठायचं, मग किनाऱ्याच्या रस्त्याने वळसा घालून घरी. कल्पना धाकट्याची, संमती थोरल्याची. मला कळवण्यात आलं.

निघायच्या आदल्या दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत हत्यारं आणि सुटे भाग मांडले होते. खोक्यांच्या थप्प्या, खोकल्याच्या औषधाचा वास, आणि मधल्या टेबलावर पंप, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, ठिगळं, सोल्यूशन, पान्यांचा संच, चेनची पिन दाबून काढायचं यंत्र, जोडकड्या, ब्रेकची रबरं, तारा, तेल आणि तीन ट्यूबा. तीन ट्यूबा तीन मापांच्या. थोरल्याचं चाक सगळ्यात मोठं. माझं मधलं. धाकट्याने घडीची परदेशी सायकल घेतली होती, तिची चाकं इतकी लहान की तो तिच्यावर बसला की नातवाची सायकल पळवून आणलेला आजोबा दिसायचा.

"वजन समान वाटून घ्यायचं," थोरला म्हणाला. "म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको."

"ग्रॅमपर्यंत समान," धाकटा म्हणाला आणि पुड्या बांधायचा काटा पुढे ओढला.

सव्वा तास दोघं त्या काट्याशी झटत होते. पंप या बाजूला आला की पट्ट्या त्या बाजूला. चेनचं यंत्र इकडे, म्हणून जोडकड्या तिकडे. थोरल्याच्या पिशवीत चौदा ग्रॅम जास्त भरले, तेव्हा त्यांनी ट्यूबा बदलून पाहिल्या आणि काटा बरोबर मध्ये आला. आता थोरल्याकडे धाकट्याची बोटभर ट्यूब होती आणि धाकट्याकडे थोरल्याची आणि माझी.

मी म्हटलं, "अरे, एका कामाचं सगळं सामान एकाकडे ठेवा ना. पंक्चरचं याच्याकडे, चेनचं त्याच्याकडे."

"आपण काय एकमेकांना सोडून जाणार आहोत का?" थोरला हसला.

"ताई, तू जेवणाचं बघ," धाकटा म्हणाला.

मला काय मिळालं, तर 'किरकोळ' सामान. म्हणजे जादा टायर, तेल, पुसायची फडकी, प्रथमोपचाराची पेटी, तिघांचे डबे आणि बाबांचा पाना.

या पान्याचं सांगायला हवं. बाबा पाणीपुरवठ्यात फिटर होते. त्यांचा हा पाना हातभर लांब, एक किलोला थोडा कमी. त्याचा जबडा इतका मोठा की आमच्या तिन्ही सायकली एकत्र केल्या तरी त्यात बसेल असा नट निघाला नसता. पण थोरल्याला तो आशीर्वाद म्हणून सोबत हवा होता. मग धाकट्यालाही हवा झाला, कारण बाबा त्याचेही होते. आशीर्वाद दोघांनाही हवा होता, फक्त त्याचं वजन स्वतःच्या काट्यात कुणी धरू देईना. "ताईकडे राहू दे. ती तटस्थ आहे," असं ठरलं. म्हणजे तीन किलो आठशे ग्रॅम त्यांनी दोघांत वाटून घेतले, आणि जे काट्यावर चढलंच नाही ते सगळं माझ्या कॅरिअरवर आलं.

पहिल्या दिवशी दुपारी मीच पंक्चर झाले. बाभळीचा काटा. एरवी दवाखान्याच्या वाटेवर मी हे वीस मिनिटांत उरकते, पण त्या दिवशी मला हात लावू देण्यात आला नाही.

"तू सावलीत बस," थोरला म्हणाला आणि त्याने पिशवीतून एक वही काढली. हत्यारांचं रजिस्टर. कुठलं हत्यार, कुणी घेतलं, किती वाजता, परत कधी, सही.

"दादा, शाळा आहे का ही?"

"शाळा नाही म्हणूनच लिहायला पाहिजे. शाळेत शिपाई असतो."

धाकट्याने पट्ट्यांसाठी पिशवी तळापर्यंत उपसली, कारण पट्ट्या चपट्या, म्हणून तळाशी. थोरल्याने पंपासाठी उपसली, कारण पंप लांब, म्हणून तळाशी. रस्त्याकडेला दोघांचे कपडे, बनियन आणि गोळ्यांची पाकिटं पसरली. जाणारे येणारे भाव विचारतील की काय अशी मला भीती वाटली. ठिगळ कोरडं कधी होतं यावर दोघांत मतभेद झाले, पहिलं ठिगळ सुटलं, दुसरं बसलं. एक तास चाळीस मिनिटं लागली. मी माझा डबा खाल्ला, मग थोडा थोरल्याचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर चहा घेताना थोरल्याने रजिस्टर उघडलं.

"पट्ट्या दोन गेल्या. एकच जमा आहे."

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी नाही. इथे तुझी सही आहे. चार वाजून दहा मिनिटं."

"दादा, एका पट्टीसाठी?"

"आज पट्टी आहे, उद्या पंप असेल. हे तुझं पहिल्यापासूनचं आहे. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची नाही."

"आणि तुझं पहिल्यापासूनचं सांगू? तू वस्तू घेत नाहीस, ताब्यात घेतोस. बाबा गेल्यावर त्यांची हत्यारपेटी कुणी नेली?"

"जपायला नेली!"

"इतकी जपलीस की तिला गंज चढला. निदान पाना तरी मी मागून घेतला."

"पाना तू घेतलास? पाना कुणाच्या घरात होता?"

"पाना माझ्या कॅरिअरवर आहे," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. चहावाल्याने मात्र वळून कॅरिअरकडे पाहिलं.

तिथून दोन रस्ते फुटत होते आणि दोन्ही दीपगृहालाच जात होते. एक कालव्याच्या कडेने, सपाट आणि लांब. दुसरा टेकडीवरून, जवळचा आणि छातीफोड. थोरल्याने वही मिटली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि कालव्याकडे वळला. वर्ग सोडून जाताना वळतो तसा. धाकटा म्हणाला, "बघितलंस ना?" आणि त्याने ती इवलीशी सायकल टेकडीकडे काढली.

मी चहावाल्याला म्हटलं, "आणखी एक द्या."

तो चहा मी सावकाश प्यायले. आठवतं तेव्हापासून मी या दोघांच्या मध्ये बसलेय. गाडीत, पंगतीत, बाबा वारले तेव्हा दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. मध्ये बसणाऱ्याला दोन्हीकडचे कोपर लागतात आणि खिडकी मिळत नाही. चहा संपवून मी कालव्याच्या रस्त्याला लागले. थोरल्यावर जास्त माया होती म्हणून नाही. रस्ता सपाट होता म्हणून.

सात किलोमीटरवर कालव्याचं पाणी सोडायचं एक दार लागलं. शेजारी पत्र्याची खोली, आणि खोलीच्या सावलीत थोरला खुर्चीवर बसलेला. ती खुर्ची दारवाल्याची असावी, कारण दारवाला उभा होता. थोरला त्याला पाणी सोडायच्या नोंदवहीत रकाने कसे आखायचे ते समजावत होता.

मला पाहताच दारवाला पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे तुमचे का? बरं झालं आलात. न्या."

थोरल्याचं मागचं चाक बसलं होतं. त्याच्याकडे पंप होता. पट्टी नव्हती, ठिगळं नव्हती, सोल्यूशन नव्हतं, आणि ट्यूब होती ती धाकट्याची, जी त्याच्या चाकात बसवायला आधी चाक लहान व्हायला हवं होतं.

"फोन केलास का त्याला?"

"मी का करू? हरवलं कुणी?"

मग मी केला. बरेचदा वाजल्यावर धाकट्याने उचलला. मागे पाखरांचा आवाज.

"पोचलास का रे वर?"

"नाही. चार किलोमीटरवर थांबलोय जरा. निसर्ग बघतोय."

"किती वेळ बघतोयस?"

"पाऊण तास."

"चेन तुटली?"

"तुटली असं नाही. एक कडी वाकून उघडली. जोडकडी आहे माझ्याकडे. फक्त वाकलेली कडी निघत नाहीये."

ती काढायचं यंत्र थोरल्याच्या पिशवीत होतं. मी फोन हातात धरूनच थोरल्याला सांगितलं, "तो चार किलोमीटर वर अडकलाय."

"मग काय झालं! त्याला उतार आहे. पायडल न मारता खाली येईल. म्हणावं, ये, माफी माग, यंत्र घेऊन जा."

फोनमधून धाकटा म्हणाला, "ऐकलं मी. त्याला सांग, मोठेपणा वयाने येत नसतो. मोठा आहे ना, मग मोठ्या मनाने वर यावं."

"पंक्चर चाकावर?" मी विचारलं.

"हां? पंक्चर झालाय तो?" धाकट्याचा आवाज एकदम टवटवीत झाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला इतकं खुश ऐकलं.

मी फोन ठेवला आणि थोरल्याच्या पिशवीतून यंत्र काढलं. त्याने वही पुढे केली.

"सही."

मी सही केली. अकरा वाजून पाच मिनिटं.

उन्हात सात किलोमीटर मागे आणि चार किलोमीटर चढ. वर धाकटा झाडाखाली शर्ट अंथरून झोपला होता, सायकलची घडी उशाला. मला बघून तो उठला आणि त्याचे डोळे भरूनच आले.

"दादाने पाठवलं ना? मला माहीत होतं. शेवटी रक्त आहे."

चढाने माझा श्वास इतका लागला होता की मला नाही म्हणता आलं नाही. निम्मे गैरसमज असेच टिकतात, खरं माहीत असलेल्याला धाप लागलेली असते म्हणून.

यंत्र त्यानेच विकत आणलं होतं, भारीतलं. पण ते कुठल्या बाजूने धरायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी कडी यंत्रात बसवली, दांडा फिरवला, पिन बाहेर, वाकलेली कडी बाहेर, जोडकडी आत. दहा मिनिटं. त्यातली पाच "सावकाश, सावकाश, ते नाजूक आहे," हे ऐकण्यात गेली.

"चल आता," तो म्हणाला, "सरळ पुढे निघू. त्याला बसू दे तासभर. जरा कळू दे."

"मी खाली जातेय. तुझ्याकडची हत्यारं दे. सगळी."

मला वाटलं तो खळखळ करेल. पण चढ अजून अर्धा बाकी होता आणि माझा भाऊ काही मूर्ख नाही. त्याने पिशवी अशी हसत हसत रिकामी केली, जणू दान करतोय. "घे, घे. तुला लागेल." मग तो पिसासारखा टेकडी चढून दिसेनासा झाला.

मी परत अकरा किलोमीटर. थोरला अजून खुर्चीतच होता. दारवाला आता कालव्याच्या दारापाशी एका मोठ्या नटाशी झुंजत होता. त्याच्याकडे फडकं गुंडाळलेला पाइपचा तुकडा होता, तो नटावरून सारखा घसरत होता. मी कॅरिअरवरून बाबांचा पाना सोडला आणि त्याला दिला. जबडा नटावर बसला, जणू मापाने शिवला होता. दारवाल्याने दोन आटे फिरवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हटलं, "राहू द्या तुमच्याकडेच." थोरला तेव्हा वहीत रकाने आखत होता. त्या पान्याबद्दल आजवर दोघांपैकी कुणी विचारलेलं नाही.

मग थोरल्याचं चाक काढलं. एक पट्टी होती, दुसरीच्या जागी डब्यातला चमचा घेतला. त्याची स्वतःची ट्यूब घातली, हवा भरली.

"म्हणजे त्याने दिलं सगळं काढून," थोरला समाधानाने म्हणाला. "चूक कळली त्याला. मला तेवढंच हवं होतं."

"दादा, त्याने दिलं नाही. मी मागून घेतलं."

"तेच ते."

"तेच ते नाही. मी बावीस किलोमीटर जास्त चालवली आज. तू नाही, तो नाही."

"अगं हो, तुझं कौतुक आहेच," तो म्हणाला. हेच वाक्य मी त्याच्या शाळेच्या कार्यक्रमात ऐकलेलं आहे, मंडप घालणाऱ्याला उद्देशून.

दीपगृहापाशी पोचेतो ऊन उतरलं होतं. धाकटा चारलाच आला होता, आंघोळ करून, केस विंचरून मुक्कामाच्या घराच्या ओसरीत बसला होता. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाची खात्री होती की समोरचा आधी नमला. त्यामुळे दोघंही कमालीचे उदार झाले.

"झालं गेलं विसरून जा," थोरला म्हणाला.

"मी केव्हाच विसरलो," धाकटा म्हणाला.

आणि त्यांनी मिठी मारली. मी बाजूला उभी राहून हातांचं काळं तेल फडक्याने पुसत होते. घराची मालकीण पाणी घेऊन आली होती, ती ते दृश्य बघून हळवी झाली. "नशीबवान आहात हो," ती मला म्हणाली. "असे भाऊ मिळायला भाग्य लागतं."

"लागतं," मी म्हणाले.

जेवताना त्यांनी तिला सगळी हकिगत सांगितली. अवघड प्रसंग होता, पण हत्यारांचं नियोजन पक्कं होतं म्हणून निभावलं, अशी. मी त्या हकिगतीत एकदा आले. "मग हिच्या हाती यंत्र पाठवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला दोघं आधीच बोलून बसले होते. कळत होतं, कारण दोघं एकदम गोड हसले.

"आम्ही एक विचार केला," थोरल्याने सुरुवात केली. "हे वाटून घेणं तितकंसं बरोबर नाही."

"काल सिद्धच झालं," धाकटा म्हणाला. "सगळं एकाकडे पाहिजे."

मी म्हटलं, "मी आधीच..."

"म्हणून सगळं तुझ्याकडे राहू दे. नाहीतरी बरंचसं आता आहेच. तुला ओझ्याची सवय आहे, ताई. दवाखान्यात काय काय उचलावं लागतं तुला."

एक्स-रेच्या कामात मी बघत आलेय, हाड मोडतं ते क्वचितच मोठ्या मारानं. बहुतेक वेळा माणूस सांगतो, "काही नाही हो, साधा पाय मुडपला." माझंही तसंच झालं. त्या 'सवय आहे'वर.

मी खोलीत जाऊन तिघांच्या पिशव्यांतली हत्यारं आणली आणि टेबलावर ओतली. बश्यांच्या मध्ये. मग त्यातून मला लागेल तेवढं वेचलं. एक पट्टी, ठिगळं, सोल्यूशन, माझ्या मापाची ट्यूब, दोन पाने, तेलाची बाटली आणि पंप.

"पंप?" धाकटा म्हणाला. "पंप एकच आहे."

"माहीत आहे."

हे सांगताना मला थोडी लाज वाटायला हवी. वाट पाहतेय, अजून वाटलेली नाही.

"पण तू चाललीस कुठे?" थोरल्याने विचारलं.

"किनाऱ्याच्या रस्त्याने. ठरलं होतं तसं."

"एकटी? आणि आमचं काय झालं वाटेत तर?"

"वही आहे ना," मी म्हणाले. "आण इकडे, पंपाची सही करते."

मी खरंच सही केली. वेळही टाकली, आठ वाजून वीस.

मग चार दिवस मी एकटीने चालवली. वाटेत एकदाच पंक्चर झाले, मिठागरांपाशी. सावलीला मुद्दाम बसले नाही. पंधरा-वीस मिनिटांत ठिगळ लावलं, हवा भरली, निघाले. "अगं असं नाही" म्हणायला कुणी नव्हतं, आणि तेवढ्यानेच सायकल निम्मी हलकी झाली होती.

भाऊ मी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एसटीने घरी आले. धाकट्याची सायकल घडी करून मांडीवर, थोरल्याची टपावर. थोरला सांगतो, धाकट्याचा गुडघा दुखत होता. धाकटा सांगतो, दादाला वय झेपलं नाही. दोघांचाही गुडघा मी तपासायला तयार होते. फुकट. कुणी आलं नाही.

परवा थोरल्याचा फोन आला. सायकल मंडळाने येत्या रविवारी दोघा भावांचं भाषण ठेवलंय, विषय 'लांबच्या प्रवासातील हत्यारे व सुटे भाग'. दोघं मिळून बोलणार आहेत, तक्ते वगैरे तयार आहेत.

"तू पण ये," तो म्हणाला. "साठेक माणसं असतील. चहापाण्याचं बघायला कुणीतरी आपलं घरचं पाहिजे."

"रविवारी मला ड्यूटी आहे रे," मी म्हणाले.

रविवारी आमचा एक्स-रे विभाग बंद असतो. सात वर्षांपासून.